शाम्पूचं माहेर

“हरदीच्या पोरीच्या डोक्याले इंग्रजी वस्तू लागत नाई,” असं म्हणून नवरीच्या आत्यानं माझ्या हातातली शाम्पूची बाटली काढून घेतली आणि पदराखाली धरली.

साकोलीत माझं पार्लर आहे. एकोडीतली ही माझी पहिलीच ब्रायडल ऑर्डर. फसली, तर त्या गावातून पुन्हा बोलावणं आलं नसतं. नवरीचे, म्हणजे प्रणालीचे केस हळद-तेलानं चिप्प झालेले. त्यात पिनसुद्धा टिकत नव्हती. वरात दुपारी येणार होती, आणि आत्या म्हणत होत्या, केस काळ्या मातीनंच धुवायचे. प्रणाली रडकुंडीला आली.

ट्रेनिंगच्या मॅडमनी सांगितलेलं मला आठवलं. म्हटलं, “आत्या, शाम्पू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. हिंदीत चांपना म्हणजे दाबणं, रगडणं. त्यातल्या ‘चांपो’चं, म्हणजे ‘दाबा’चं, तिकडं शाम्पू झालं. आधी त्यांच्यातही शाम्पू म्हणजे अंग रगडून घेणंच होतं. केस धुणं मागून आलं, बाटली तर त्याहून मागून.”

“म्हंजे आपली चंपीच?”

“तीच.”

आत्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, जिंकले.

“मंग रीतीनंच होईन,” आत्या म्हणाल्या. “हरद लावतो तशी. आधी मोठ्याइले, मंग नवरीले.” आणि स्वतःच पाटावर बसल्या.

आत्यांनंतर मोठी काकू, मग मामी. मांडवातल्या बायका पदर खोचून रांगेला लागल्या. “कानामागं जरासं जोरानं दाब ना वो,” अशा फर्माइशी. कुणीतरी हळदीची गाणी धरली. माझे हात भरून आले, पण हसू आवरेना.

“मॅडम, माहा नंबर कवा?” प्रणालीनं विचारलं.

तेवढ्यात वेशीवर बँड वाजला. सगळ्या बायका एकदम प्रणालीच्या त्या एका डोक्यावर तुटून पडल्या. भुवयांपर्यंत फेस. माझा ड्रायर कुठवर पुरणार? ओल्या केसांचा अंबाडा बांधला, त्यावर जमतील तेवढे गजरे माळले आणि नवरी उभी केली.

“केस ओले काहून जी?” विहीणबाईंनी विचारलं.

“शाम्पू केला. आपल्याच इकडची चीज हाय,” आत्या म्हणाल्या, आणि चांपोपासून बाटलीपर्यंत सगळी कथा माझ्याहून रंगवून सांगितली.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या अंबाड्यातल्या पिना काढायला लागल्या. “मंग मले पन करा.”

विहिणीचा मान कोण मोडणार? मंगलाष्टकं खोळंबली. त्यांच्यामागं वऱ्हाडातल्या बायका उभ्या होत्याच.

शब्दाचा इतिहास जरूर सांगावा, पण अक्षता पडल्यावर.