बर्फातल्या बाईसाठी आम्ही गप्प बसलो

मंडळी, आज संध्याकाळी राजारामपुरीतल्या आमच्या बॅटरीच्या दुकानात टीव्हीवर बायकांची बायथलॉन रिले लागली होती. बर्फावर स्कीनं पळायचं आणि धाप लागलेली असतानाच रायफलनं नेम धरायचा. नेम चुकला की दंडाची फेरी. देश कुठला ते माहीत नाही, पण मागं पडलेली बाई आम्ही आपली मानली.

तिची शेवटची गोळी उरली.

"मार की गं! थांबलीस कशाला?" सगळे ओरडलो. माझा आवाज सगळ्यात मोठा.

माझी लेक सायली कोपऱ्यात काळजीनं उपाशी बसली होती. उद्या तिची रायफलची निवड चाचणी, आणि मी ओरडतो म्हणून तिनंच मला तिथं यायला बंदी घातलेली.

"आबा, गप्प बसा! तिला श्वास सोडू दे."

सगळं दुकान गप्प. बाईनं श्वास सोडला. कोपऱ्यात सायलीनंही सोडला, तो मला स्पष्ट ऐकू आला. गोळी सुटली आणि टीव्हीवरचा काळा ठिपका पांढरा झाला, म्हणजे नेम लागला!

"जमतंय की तुम्हाला," सायली हसून म्हणाली. "या उद्या. पण असंच बसायचं. आणि आता मला वडापाव मागवा."

कोल्हापूरकरांनो, आता तुम्हीच सांगा, पोरीनं नेम मारल्यावर गप्प कसं बसायचं?