खोबरेल तेलातली डबलबारी

माझ्या सासऱ्यांनी माझ्या बेस गिटारला अभ्यंगस्नान घातलं, तेव्हा मी बाथरूममध्ये स्वतः अंघोळ करत होतो. घरात एका वेळी दोन अंघोळी चालू आहेत याची मला कल्पना नव्हती.

बातमी आणली ती आमच्या चिन्मयीने. ती तेव्हा इथे मस्कतमध्ये, वादी कबीर भागातल्या शाळेत तिसरीत होती आणि मराठी बोलायची ती सरकारी पाहुण्यासारखी, अडखळत आणि हसून. तिने बाथरूमचं दार वाजवलं.

"बाबा! आजोबा इज मसाजिंग युअर गिटार!"

"काय करतायत?"

"चंपी, बाबा! चंपी!"

मी साबणासकट बाहेर आलो.

इथे थोडं मागे जायला हवं. मी मालवणकडचा. नववीत शाळेने मला सोडलं (मी शाळेला सोडलं असं मी सांगतो, पण मास्तरांचं मत वेगळं होतं), मग गावच्या बेंजो पथकात वाजवत फिरलो, एसी दुरुस्ती शिकलो आणि देवाच्या कृपेने मस्कतला, अझैबातल्या एका हॉटेलात मेंटेनन्सला लागलो. त्या हॉटेलच्या तळमजल्यावर पब आणि पबमध्ये बँड. बँडचा म्होरक्या जोकिम, गोव्याचा. एकदा मी स्टेजवरचा एसी दुरुस्त करता करता गुणगुणत होतो, तर तो खालून ओरडला, "ए एसीवाला, सूर में है रे तू!" त्या एका वाक्यावर मी आजही त्याच्या ऋणात आहे. त्यानेच मला बेस शिकवली आणि वर्षभर दर गुरुवारी एखाद्या गाण्यापुरता स्टेजवरही उभा केला.

बेस गिटार म्हणजे चार जाडजूड तारांची, ढोल्या आवाजाची गिटार. वाजते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, थांबली की सगळे इकडेतिकडे बघायला लागतात. थोडक्यात, एसी! मला ती पटकन जमली ती बहुधा त्यामुळेच.

तर बँडचा मूळ बेसवाला कायमचा मायदेशी गेला आणि जागा रिकामी झाली. पबचे मॅनेजर होते मिस्टर नबील, लेबनॉनचे. हसायला वेगळा पगार मिळत असावा आणि तो थकला असावा, असा चेहरा. ते म्हणाले, "गुरुवारी मी स्वतः ऐकायला बसेन. आवडलं तर हा कायम बँडमध्ये. नाही तर दुबईहून माणूस मागवतो, आणि हा परत गच्चीवर."

गच्चीवर म्हणजे मस्कतच्या उन्हात, तापलेल्या एसी यंत्रांच्या मधोमध. ज्याने ती गच्ची पाहिली त्याला नरकाची वर्णनं वाचून थंडी वाजते. गुरुवार हातचा जाऊ नये म्हणून मी चार नव्याकोऱ्या तारा दुबईहून मागवल्या. काय आवाज होता त्यांचा! टणाटण! देवळातली घंटाच. गुरुवारी दुपारी त्या चढवल्या, गिटार हॉलमध्ये ठेवली आणि अंघोळीला गेलो.

आणि तो गुरुवार नेमका खंडेनवमीचा होता.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा. माझ्या बायकोने, सुमनने, पाटावर माझे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, चिन्मयीची दप्तरातली पुस्तकं, असं सगळं मांडलं होतं. सासरे, म्हणजे आमचे वासूमामा, महिनाभरासाठी आमच्याकडे आले होते. सगळी हयात त्यांनी मच्छीमार लाँचीच्या इंजिनावर काढलेली. इंजिनवाल्या माणसाचा एकच धर्म: लोखंड दिसलं की तेल लावायचं.

मी टॉवेलवर हॉलमध्ये पोचलो, तर मामा मांडीवर गिटार घेऊन बसलेले, शेजारी खोबरेल तेलाची वाटी, आणि एकेक तार दोन बोटांत धरून प्रेमाने वरून खाली, वरून खाली...

"मामा, हे काय?"

"तारो नुसत्यो कानशीसारख्यो खरखरीत झाल्यो होत्यो, जावयबापूनु. म्हणान तेल लायलंय."

"अहो, त्या नवीन तारा आहेत! त्या तशाच असतात!"

"नवीन आनी खरखरीत?" मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फसवल्यानी तुमका."

मी एक तार छेडली. टणाटण गेलं होतं. त्या जागी आवाज आला 'डुब्'. विहिरीत पडलेल्या शहाळ्याचा!

मी टॉवेल सावरत फडकं शोधत होतो, तोवर सुमनने गिटार उचलून पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, रुवीच्या बाजारातून आणलेली प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ घातली, आणि पायाने दाबायची जी छोटी पेटी असते, ज्याला आम्ही पेडल म्हणतो आणि जी दाबली की बेसचा आवाज फुगतो, तिच्यावरही कुंकवाचं बोट उठवलं. अक्षता पडल्या. मामांनी हात जोडले आणि जाहीर केलं, "आता उद्यापर्यंत हलवूचा नाय."

"मामा, संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा!"

"खंडेनवमीक हत्यार हलवतंत? इंजिन लावून दर्यात जायत कोन त्या दिवशी?"

"सुमन, सांग ना गं तू!"

"बाबा," सुमन म्हणाली, "त्येंका जावकच व्हया. मी फोनवर सांगितलेलंय ना, हे गुरुवारचे बारमध्ये वाजवतत म्हणान."

मामा एकदम ताठ बसले. चेहरा पालटला, डोळे चमकले.

"होय की! आज बारी असा?"

मी सुमनकडे पाहिलं, सुमनने माझ्याकडे. ज्यांना आमच्या भागातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: बारी म्हणजे भजनाची बारी. दोन बुवा आमनेसामने बसतात, एकाने गाऊन टोला हाणायचा, दुसऱ्याने परतवायचा, ती डबलबारी. आमच्याकडे माणसं त्यासाठी जेवण सोडून जातात. मालवण ते मस्कत फोनच्या खरखरीत 'बारमध्ये'चं 'बारीमध्ये' झालं होतं, आणि गेलं वर्षभर आमचे मामा गावात सांगत फिरत होते की जावई मस्कतात भजनाला वाजवतो!

"मामा, त्याचं असं आहे..." मी तोंड उघडलं. सुमनने दंडाला असा चिमटा काढला की वाक्य तिथेच बसलं.

"गिटार हलवायला मिळतेय ना?" ती पुटपुटली. "मग गप्प बसा!"

मिळत होतीच. "देवाच्या कामाक खंयचीच हरकत नाय," असं म्हणत मामांनी स्वतः गिटार उचलून माझ्या हातात दिली. वर एक अट घातली. "त्या पेटयेची पूजा झाली हा. तिका पाय लावू नकात."

"अहो, ती पायानेच..."

"वाद्याक पाय?"

"नाही, नाही! हातच लावतो!"

मग मामा आत गेले आणि बाहेर आले ते पांढरंशुभ्र धोतर, टोपी, कपाळाला गंध आणि हातात कापडी पिशवी अशा थाटात. पिशवीत त्यांची झांज होती. जावयाच्या बारीत साथ करायची म्हणून गावाहून आणलेली!

"चला," ते म्हणाले. "बुवा खंयचो?"

"गोव्याचा."

"आनी पखवाजी?"

"फिलिपिन्सचा."

मामांनी थोडा विचार केला. "देव सगळीकडे असा," ते म्हणाले.

टॅक्सीत मी शर्टाच्या बाहीने तारा पुसत होतो. खोबरेल एकदा लोखंडात शिरलं की माणसाचं ऐकत नाही. हॉटेलच्या दारात मात्र मला खरी आशा होती, ती सिक्युरिटीच्या सालेमची. तो ओमानी, शिस्तीचा. धोतर-टोपी बघून तो मामांना लॉबीतच बसवेल, कॉफी देईल, खलास! पण सालेमने मामांची पांढरी मिशी पाहिली, छातीवर हात ठेवून "अहलन, अहलन" म्हणत त्यांचा हात धरला आणि त्यांना नेऊन बसवलं कुठे? पबमध्ये, सगळ्यात पुढच्या टेबलावर, मिस्टर नबीलच्या शेजारी!

आत निळा अंधार, तेल कंपन्यांतले गोरे, ग्लासांची किणकिण. मामांनी चहूकडे नजर फिरवली. मी स्टेजवर उभा राहून ती नजर वाचत होतो आणि मनातल्या मनात माझा संसार आवरत होतो. हे आता उठतील. सुमनला फोन करतील. गावभर होईल. आणि शेजारच्या खुर्चीतून नबील साहेब दुबईला फोन करतील!

वेटर मामांजवळ गेला. गाणं सुरू व्हायचं होतं, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"सर, सिंगल या डबल?"

"डबल!" मामा छाती काढून म्हणाले. "डबलबारीच ऐकूक इलंय!"

"यल्ला!" जोकिम ओरडला आणि गाणं सुरू झालं.

पहिल्याच सुराला माझं बोट घसरलं. गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या पट्टीवर ठेवलेलं बोट पाचवीवर जाऊन थांबलं, तिथूनही निसटून सातवीवर. आवाज आला 'डूऽऽऽम्', म्हशीने जांभई द्यावी तसा. जोकिमने मान वळवून गातागाता दातांतून विचारलं, "हाथ को क्या लगाके आया रे? फिश फ्राय?"

माझं सगळं लक्ष पुढच्या टेबलावर. तिथे एक मोठा ग्लास आला होता. मामा त्याचा वास घेत होते!

डूऽऽऽम्!

आणि तेवढ्यात पेडलची वेळ आली. पाय उचलला, तर मामा थेट माझ्या पायाकडे बघतायत! उचललेला पाय हवेतच ठेवून मी कमरेत वाकलो, हाताने पेडल दाबलं आणि सरळ झालो. समोरच्या गोऱ्यांना वाटलं, मी नमस्कार केला. दोघा-तिघांनी बसल्या जागी वाकून परत नमस्कार केला! पेडल बंद करायला पुन्हा वाकलो. आता पाच-सहा जण वाकले. चौथ्या वेळेपर्यंत अख्खा पब माझ्याबरोबर खाली-वर होत होता, आणि दर वाकण्याला तेलकट तारा हातातून निसटून 'डूऽऽऽम्' म्हणत होत्या. मी घामाने निथळत होतो. एसी चालू होता. मीच दुरुस्त केला होता.

पण एक गंमत झाली. फिलिपिनो ड्रमरला, रॉमेलला, ते घसरणं आवडलं. त्याने त्या 'डूऽऽऽम्'वर आपला ठोका बसवला. जोकिमने भुवया उडवल्या आणि गाणं त्या चालीला वळवलं. लय वाढायला लागली. बारीत गजर चढतो ना, तश्शी! आणि कोकणातला माणूस चढत्या गजराला गप्प बसेल? मामांनी ग्लास एका दमात खाली ठेवला (रिकामा!), पिशवीत हात घातला आणि झांज बाहेर काढली.

झण्णण्!

पब हादरला. मिस्टर नबील खुर्चीत उडाले. मामा उभे राहिले, डोळे मिटले आणि झांज अशी काही वाजवायला लागले की गोरे लोक टेबलं बडवायला लागले. मध्येच मामांची आरोळी, "व्वा बुवाऽऽ! व्वा!" जोकिमला वाटलं हा आपल्याला आव्हान देतोय. त्याने तान मारली. मामांनी झांजेनं परतवली. त्याने पुन्हा मारली. यांनी पुन्हा परतवली! अझैबात, हॉटेलच्या पबमध्ये, खंडेनवमीच्या संध्याकाळी खरीखुरी डबलबारी रंगली होती, आणि मी मध्ये वाकून वाकून पेडल दाबत होतो!

गाणं संपलं तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे होते. मिस्टर नबील थेट स्टेजकडे आले. मी डोळे मिटले. गच्ची दिसली.

"हा बेसचा आवाज," ते म्हणाले, "इतका जुना, इतका गोल! कोणत्या कंपनीच्या तारा?"

"स... सर, त्या नवीन..."

"बदलायच्या नाहीत. जागा तुझी. आणि तो वाकायचा नाच, तोही दर गुरुवारी पाहिजे." मग मामांकडे बोट दाखवून त्यांनी हळूच विचारलं, "यांना व्हिसा देता येईल का? बँडमध्ये तालात एवढे एकच आहेत."

परतताना टॅक्सीत मामा खुशीत गुणगुणत होते. मला राहवेना. "मामा, एक सांगायचंय. ती बारी नव्हती. तो..."

"बार होतो," मामा म्हणाले. "आख्खो जन्म लाँचीवर काढलंय, जावयबापूनु. रत्नागिरी काय, मुंबय काय, सगळी बंदरां बघलंय. बार आनी बारी ह्यातलो फरक माका कळना नाय?"

"मग? तुम्हाला कधी कळलं?"

"आत पाय ठेवलंय तेवाच. पन तुमचो चेरो इतको घाबारलेलो, म्हटलंय, गप रवया. वाजवणाऱ्याक आदी वाजवूक देवचा." मग टोपी सारखी करत ते म्हणाले, "सुमनक डबलाचा सांगू नकात हां."

मी त्यांचे पाय धरले. चालत्या टॅक्सीत ते सोपं नसतं, पण त्या संध्याकाळी मला वाकायची सवय झाली होती.

तेव्हापासून मी बँडमध्ये आहे. मामा गावाहून दर खंडेनवमीला न चुकता फोन करतात, "तेल लायलास?" मी म्हणतो, लावलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मी दर गुरुवारी लावतो. नवशिके बेसवाले येतात, माझ्या बोटांकडे टक लावून बघतात आणि विचारतात, हा आवाज कुठून येतो? मी गूढ हसतो. ओमान तेलावर चालतो, हे तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. माझंही तेलावरच चाललंय. फक्त माझी विहीर स्वयंपाकघरात, डाव्या कपाटात, निळ्या बाटलीत आहे. आणि ती आटली की मी पुन्हा गच्चीवर!