येतानाची खाडी

"आधी भिंत दाखवा."

कुणाच्याही घरी गेले की आमचे फोरमन उंबऱ्यातूनच हे म्हणायचे. चहा नको, पाणी नको, बसायचंही नाही. शर्टाच्या खिशात खिळे, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट आणि हातात लहानशी हातोडी. यजमान गोंधळून भिंतीकडे बोट करायचा. मग हे एक डोळा मिटून भिंत न्याहाळायचे, जशी काही मुलगीच बघायला आलेत. "इथे नको. इथे उन्हाने रंग उडेल. ते कॅलेंडर काढा तिथलं."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. पत्रा कापायचे साचे तिथे बनत. मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारी ट्रेसर होते आणि ते टूलरूमचे फोरमन. साठच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात नवीन जपानी मशीन यायचं ठरलं आणि ते शिकून घ्यायला कंपनीने यांना जपानला पाठवलं. विमानतळावर हार घालायला गेलेल्या प्रत्येकाने कानात एकेक फर्माईश सांगितली होती. कुणाला ट्रान्झिस्टर हवा होता, कुणाला नायलॉनची साडी.

परत आले ते चित्रांचा गठ्ठा घेऊन.

ते राहत होते त्या गल्लीत एक म्हातारा लाकडी ठशांनी चित्रं छापायचा. जितके रंग तितके ठसे, आणि प्रत्येक ठसा त्याच कागदावर अचूक बसवायचा. सुट्टीच्या दिवशी हे तिथे जाऊन बसायचे. एकाला मराठी, दुसऱ्याला जपानी. पण लाकूड आणि छिन्नी समोर असली की यांना भाषेची अडचण कधीच नसायची. निघायच्या दिवशी म्हाताऱ्याने गठ्ठा यांच्या हातात ठेवला आणि दूर बोट दाखवलं. "म्हणजे जवळ ठेवायची नाहीत, आपल्या माणसांना द्यायची. मी तरी तसंच समजलो," ते म्हणायचे.

आपली माणसं मात्र खट्टू झाली. स्टोअरच्या क्लार्कने चित्र उलटंपालटं करून विचारलं, "फोरमन, ह्यात सेल कुठे घालायचे?"

ते रागावले नाहीत. हसलेही नाहीत. सगळी चित्रं परत गोळा केली आणि म्हणाले, "चुकलं माझं. सरसकट वाटायची वस्तू नाही ही." त्यानंतर कितीतरी महिने ते आमच्याकडे नुसते बघत होते. कोण कशाने खूश होतो, कोण कशाने गप्प होतो, हे पाहून मग त्यांनी एकेकाचं चित्र ठरवलं. चौकटी स्वतः केल्या आणि खिळेही स्वतःच मारले. त्या क्लार्कला गेलं एक रुसलेलं मांजर. त्याची बायको म्हणे ते बघून पोट धरून हसली.

माझं चित्र लावायला ते मालाडला आमच्या खोलीवर आले. त्या सुमारास मी एक स्थळ नाकारलं होतं, नोकरी सोडणार नाही म्हणाले होते, आणि वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी ऑफिसात कुणाला काही सांगितलं नव्हतं. यांनी आणलं ते चित्र असं होतं: सगळीकडे बर्फ, मधून चढाची वाट, आणि पाठीवर सरपणाची मोळी घेऊन वर निघालेली एकटी बाई.

वडिलांनी विचारलं, "ही कुठली बाई?"

"कुठलीही असेल," खिळा ठोकत हे म्हणाले. "चढ काय, सगळीकडे सारखाच."

वडिलांची खुर्ची त्या भिंतीच्या समोरच होती. मी कामावरून येत होते, जात होते, ते चित्राकडे बघत बसत. एके संध्याकाळी मी चपला काढत असताना त्यांचा आवाज आला, "काय गं, अजून पोचली नाही वाटतं ती?" तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. फोरमनना सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली आणि साच्याचं ड्रॉइंग पुढे ओढलं.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र एकही चित्र नव्हतं. मरोळच्या चाळीतली एकच खोली, आणि भिंती वहिनींनी भांड्यांच्या फळ्यांनी भरून टाकलेल्या. दोघंही देवगडकडची. मूलबाळ नव्हतं. वहिनींची जीभ तिखट. जपानचं एक चित्र त्यांच्यासाठीही राखून ठेवलं होतं, तर त्या म्हणाल्या, "माका नको. आधी टोप ठेवूक जागा करा." तेही मग कुणाला तरी गेलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वहिनी नळावर पाय घसरून पडल्या. पाठीला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता उठणं नाही. फोरमननी खाट खिडकीशी लावली. बाहेर गावठाणातली शेतं होती, बगळे यायचे. दोनेक वर्षांत तिथे इमारत उभी राहिली आणि खिडकीत नुसतं सिमेंट आलं. वहिनींनी बोलणं कमी केलं. नंतर भांडणंही सोडली, तेव्हा मात्र फोरमन घाबरले.

आम्ही काहीजण आपापली चित्रं घेऊन गेलो. म्हटलं, वहिनींसमोर लावू या. फोरमननी दारातच अडवलं. "खिळा मारून दिलेलं परत घेत नाही. आणि त्या चित्रांत तिचं काय आहे? तिचं मी करीन."

आमचा फिटर आंतोन मरोळ गावठाणातलाच. त्याने घरामागच्या जुन्या शिवणीच्या झाडाचं लाकूड आणून दिलं. फोरमन ड्यूटी संपली की खाटेशेजारी फतकल मारून बसायचे आणि कोरायचे. वहिनींच्या माहेरची खाडी कोरायची होती. बोटं कापली, फळ्या तडकल्या, रंग फुटले. पहिलं चित्र जमलं तेव्हा मी तिथेच होते. खाडी, होडी, काठावर देऊळ. वहिनींनी बघितलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला.

"देऊळ ह्या बाजूक कसा?"

"होतंच ह्या बाजूला. मी पाहिलंय ना!"

"तुमी बघलात ता माका न्हेताना. माका व्हयी ती येतानाची खाडी!"

लग्न करून बायकोला घेऊन निघाले तेव्हा फोरमननी ती खाडी पाहिली होती, गावाकडून समुद्राकडे जाताना. वहिनींच्या मनात होती ती समुद्राकडून माहेरी शिरतानाची. फोरमननी सगळे ठसे बाजूला सारले आणि नवी फळी पुढे घेतली.

मग वर्षभर त्या खोलीत भांडण चाललं. पाणी इतकं निळं नसतं. होडीचं नाक वर हवं. शेजारी म्हणायचे, आजारी बाईशी काय वाद घालतो हा माणूस! पण वहिनी उशीवर कोपर रोवून अर्ध्या उठून बोलायच्या, आणि फोरमन मुद्दाम म्हणायचे, "नाही पटत मला."

अखेर एक कागद असा निघाला की वहिनींना बोलायला काही उरलं नाही. भांड्यांची फळी काढून ते चित्र खाटेसमोर लावलं. दिवसभर त्या बघत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "बरी जमली. आता माका थंय व्हरा."

म्हणजे, आता मला तिकडे न्या.

डॉक्टर नाही म्हणाले. बोटीने न्यायचं, आणि बोट तर बंदराबाहेर समुद्रातच थांबणार, तिथून छोट्या होडीत, पडावात, उतरायचं. धडधाकट माणसाला धडकी भरते तिथे. मॅनेजर म्हणाले, निवृत्तीला अजून अवकाश आहे, घाई कशाला? फोरमननी दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि राजीनामा दिला. मग टूलरूममध्ये त्यांनी शेवटचं काम केलं, पोलादी नळ्यांचं स्ट्रेचर. चारी कोपऱ्यांना कड्या, आडवे पट्टे. त्यावर आंतोनला झोपवलं आणि क्रेनला टांगून हलवून पाहिलं. आंतोन वरून ओरडत होता, "फोरमन, बस झालं, वाट लागली माझी!"

"लागू दे. तिची लागता कामा नये."

भाऊच्या धक्क्यावर आम्ही सगळे गेलो होतो. स्ट्रेचर टूलरूमच्या पोरांनीच उचललं, हमालाला हात लावू दिला नाही. वहिनींनी नवं लुगडं नेसलं होतं. बोट सुटली तरी फोरमन आमच्याकडे बघेनात. ते डेकवर ओणवे होऊन पट्टे तपासत होते. त्यानंतर ती दोघं मुंबईत कधी आली नाहीत.

पोचवायला आंतोन बरोबर गेला होता. परत आल्यावर कॅन्टीनमध्ये आम्ही त्याला घेरलं. तो म्हणाला, बोट थांबली तेव्हा समुद्र चांगलाच हलत होता. दोर लावून स्ट्रेचर खाली सोडलं. फोरमन आधीच पडावात उतरून दोन्ही हात वर करून उभे होते, त्यांनी ते अलगद झेललं. वहिनींनी डोळे घट्ट मिटले होते. पडाव खाडीच्या तोंडातून आत शिरला, पाणी शांत झालं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मान उचलली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या तरी मान खाली घेईनात.

फोरमन म्हणाले, "पड गो जरा. मान दुखात."

"दुखांदे," वहिनी म्हणाल्या.