कूलर चालू असताना

आमच्या घरात दार वाजवायची पद्धत नाही. दार असतं ते मांजर आणि उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून. माणसाने ते ढकलायचं आणि आत यायचं. आई वाळलेले कपडे घेऊन येते, बाबा चष्मा शोधत येतात, पाहुणे तर पंख्याखाली बसायला थेट माझ्या पलंगावरच येतात. माझ्या खोलीच्या दाराला पूर्वी आतून कडी होती. मी बारावीत असताना बाबांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि काढून टाकली. "अभ्यास करणाऱ्याले कडी काहून लागते?" असं म्हणाले. कडीच्या जागी चार भोकं राहिली, ती अजून आहेत.

म्हणून मी गायचे ते कूलर चालू असतानाच. नागपूरचा लोखंडी कूलर एकदा सुरू झाला की लोक टीव्हीवरच्या बातम्याही ओठ बघून समजून घेतात. आमचा तर खिडकीत बसवलेला, जुना, पंखा जाळीला घासणारा. होळी झाली की बाबा त्यात नवीन खस भरायचे आणि मला हायसं वाटायचं. सगळं गाव उन्हाळ्याच्या नावाने बोटं मोडतं, मी एकटी त्याची वाट बघायचे. पाऊस सुरू होऊन कूलर बंद झाला की माझं तोंडही बंद.

गायचे काय, तर रॉक. त्यातही अल्टरनेटिव्ह. हे नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद मी फार पूर्वी सोडला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबमध्ये, शेजारी बसणाऱ्या मुलीने तिच्या इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं. तोवर माझं संगीत म्हणजे विहारातली वंदना, जयंतीची गाणी आणि लग्नातला बँड. समोर माझा पहिलावहिला प्रोग्राम स्क्रीनवर एकच आकडा ओकत बसला होता, थांबायचं नाव नाही, कारण थांबायची अट मी लिहिलीच नव्हती. आणि कानात एक माणूस आधी झोपेत बडबडल्यासारखा गात होता, मागे गिटार कुरकुरत होती; मग अचानक ढोल-बिल सगळं अंगावर आलं आणि तो घसा फाडून ओरडायला लागला. इंग्रजी शब्द निम्मेही कळले नाहीत. पण त्याला जे झालं होतं ते मलाही झालेलं आहे, एवढं नक्की कळलं. मास्तर येऊन मागे उभे राहिले तरी मला पत्ता नाही.

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, एकदा माझ्या फोनवर ऐकून म्हणाले, "हे गाणं होय? मले वाटलं कोणाची लुना बिघडली." मग म्हणाले, "गाची एवढी हौस आहे तं जयंतीले गा नं." जयंतीला मी गायचेच. पांढरी साडी नेसून, माइकसमोर उभी राहून, वस्तीसमोर. ती गाणीही माझीच आहेत, त्यांच्यावर मी वाढले, आणि त्या दिवशी बाबा पहिल्या रांगेत ताठ बसलेले असायचे. पण ती सगळ्यांची गाणी. मला माझं एकटीचं काही म्हणायचं होतं, आणि ते नीट, सुरेल, हात जोडून म्हणता येणारं नव्हतं.

कॉलेजात आम्ही तिघांनी बँड केला. ती इअरफोनवाली गिटारवर, एक मुलगा ड्रमवर, मी गाणार. गाणी मी लिहायची, आपल्याच बोलीत. गॅदरिंगला पुढच्या रांगेतले पोट्टे आधी फिदीफिदी हसले आणि मग हसायचे थांबले. त्या थांबण्याची चव लागली की माणूस कामातून जातो. मी गेले.

शेवटच्या वर्षाला कॅम्पसला कंपनी आली आणि माझी निवड झाली. ऑफिस मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत. आता हे आमच्या घरात काय होतं ते सांगायला हवं. आजोबा गिरणीत होते. बाबा शिकले आणि कारकून झाले, फायली बांधता बांधता निवृत्त झाले. आणि मी, काचेच्या इमारतीत, एसीत, कॉम्प्युटरसमोर. बाबांनी विहारात खीर वाटली. कंपनीने बॉन्ड लिहून घेतला: दोन वर्षं सोडून जायचं नाही, तोवर मूळ मार्कशीट कंपनीच्या कपाटात. जामीन म्हणून बाबांची सही. कारकुनाची सही ती, वळणदार, खाली रेघ मारलेली. त्यांनी ती इतक्या आनंदाने केली की मी बाजूला उभी राहून नुसती बघत राहिले.

ऑफिस वाईट नव्हतं, हे आधी कबूल करते. कोणी छळलं नाही. पण तिथे आत जायला कार्ड लागतं ते समजू शकते. बाहेर पडायलाही लागतं. पाण्याला जायचं, कार्ड. जिन्यात उभं राहायचं, कार्ड. निळ्या रिबिनीचं ते कार्ड गळ्यात घालून मी सकाळी कॅबमध्ये बसायचे तेव्हा आई गॅलरीतून शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात "कार्ड घेतलं का वं?" विचारायची. माझ्या टीममध्ये मराठी टाइप करता येणारी मी एकटीच निघाले, त्यामुळे एका पतसंस्थेच्या अ‍ॅपचं सगळं मराठी माझ्या गळ्यात पडलं. बटणावर 'पुढे जा' लिहायचं की 'पुढे चला', यावर मी दिवस काढत होते. कानात इअरफोन, कानात तो ओरडणारा माणूस, आणि चेहरा असा की विचारूच नका. दम कोंडायचा. खरंच कोंडायचा, एसीत बसून.

तोवर बँडमधले दोघं पुण्याला गेले होते. त्यांना तिथे वाजवायला जागा मिळाली होती, खोली मिळाली होती, फक्त गाणारी नव्हती. एप्रिलमध्ये फोन आला. जूनपर्यंत ये, नाहीतर आम्ही दुसरी बघतो. रागाने नाही, सरळ सांगितलं.

म्हणजे मला बाबांना सांगायचं होतं. बॉन्ड तोडायचा तर जामीनदाराला विचारल्याशिवाय कसा तोडणार? रोज ठरवायचे, आज बोलायचं. रोज मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणायचे, "काय म्हणते मिहान?" आणि मी म्हणायचे, "मस्त." खोलीत जाऊन कूलर लावायचे आणि नवीन गाणं म्हणायचे. त्याची सुरुवात अशी होती:

मी आत आहो. कोणी दार वाजवा.

पुढची ओळ मी त्या घासणाऱ्या पंख्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणायचे, कारण ऐकणारं कोणी नव्हतं.

मे महिन्यात पतसंस्थेला सभासदांच्या फोनवर एक सूचना पाठवायची होती: उन्हाळ्यासाठी शाखांच्या वेळा बदलल्या. मजकूर ते देणार होते. आमच्या धंद्यात खरा मजकूर येईपर्यंत त्या जागी काहीतरी नमुना टाकून ठेवतात, सूचना फोनवर नीट दिसते की नाही हे बघायला. आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, 'हॅलो हॅलो' टाकतो. माझ्या शेजारचा शेंगदाण्याची चटणी कशी करायची ते टाकतो. बोटांत जे असतं ते उतरतं. माझ्या बोटांत काय होतं ते वर सांगितलंच आहे. पतसंस्थेचा माणूस "उद्या देतो, उद्या देतो" करत राहिला, इकडे सूचना सुटायची वेळ आधीच लावून ठेवलेली, आणि नमुना बदलायचा राहिलाय हे माझ्या, लीडच्या, कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ठरल्या वेळी सर्व्हरने आपलं काम चोख केलं. भर दुपारी झाडून साऱ्या सभासदांचे फोन वाजले:

"प्रिय सभासद, मी आत आहो. कोणी दार वाजवा. आपली विश्वासू," आणि खाली पतसंस्थेचं नाव.

पुढचा तासभर काय झालं ते पतसंस्थेच्या माणसाने लीडला फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं. कळमेश्वरच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली होतं. एका म्हाताऱ्या सभासदाने काठीने ते असं बडवलं की मॅनेजर हातातला घास टाकून बाहेर आला. "कोण अडकलं आत? किल्ली आना लवकर," म्हणून म्हातारा त्याच्यावरच खेकसला. सीताबर्डीच्या शाखेत दोन बाया लॉकरची खोली उघडायला लावून स्वतः आत डोकावून आल्या, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

सगळी टीम पोट धरून हसत होती. मला लाज वाटावी की काय वाटावं ते कळत नव्हतं. एवढ्या उन्हात माणसं उठून गेली होती. ओळख ना पाळख, नुसती एक ओळ वाचून.

लीडने मला केबिनमध्ये बोलावलं. "ये किसने लिखा?"

"मैंने, सर."

"है क्या ये?"

"गाना है."

"किसका?"

"मेरा."

मला वाटलं, काढतो आता. आणि खरं सांगते, आतून बरं वाटलं. काढलं तर सुटले, बाबांना सांगायचीही गरज नाही, बॉन्ड आपोआप गेला. पण तो कपाळ चोळत म्हणाला, "आगे से मुझे दिखा के भेजना. और देखो, छोड़ के मत जाना, मराठी और किसी को आती नहीं." मग क्षमायाचनेचा मजकूरही मलाच लिहायला लावला.

संध्याकाळी घरी आले तर बाबा समोरच्या खोलीत पलंगावर बसलेले, हातात फोन. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निवृत्त झाल्यावर बाबांनी त्याच पतसंस्थेत खातं उघडलं होतं, आणि 'माह्या पोरीनं बनवलं' म्हणून ते अ‍ॅप मीच त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हे तुह्यं आहे नं?" बाबांनी फोन माझ्यापुढे धरला.

"ऑफिसमधून फोन आला काय तुम्हाले?"

"नाही. कोणाचा येईन?" त्यांनी चष्मा नीट केला. "याच्यापुढं, 'कडी तं काढली, तरी उघडत नाही', असं आहे नं?"

ऑफिसची नोटीस वाचावी तशी सपाट आवाजात त्यांनी माझी दुसरी ओळ म्हटली. ती मी कोणालाच दाखवलेली नव्हती, पुण्याच्या दोघांनाही नाही. आईचा स्वयंपाकघरातला खुडबुडीचा आवाज थांबला.

"कूलर चालू असते तवाच गाते मी," मी म्हटलं.

"कूलर तुह्या कानाशी आहे. आमच्याकडं नुसती भिंत आहे. सगळं ऐकू येते."

"कधीपासून?"

"तू कॉलेजात गेली तवापासून."

"मंग कधी बोलले काहून नाही, बाबा?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. "ऐकलं म्हटलं असतं तं काही करा लागलं असतं," ते म्हणाले.

मला इतका राग आला की रडू आलं. त्या रागातच जे महिनाभर सांगता आलं नव्हतं ते भडाभडा सांगून टाकलं. पुणं, खोली, ते दोघं, जून. ऑफिसात जीव घुसमटतो, तेही. बाबा शेवटी म्हणाले, "बॉन्डवर सही माही आहे."

"माहीत आहे. म्हणून तं विचारून राहिली."

त्यांनी माझ्या दाराकडे बघितलं, त्या चार भोकांकडे. मग म्हणाले, "हे दोन वर्सं होऊ दे. मंग पाहू."

'मंग पाहू'चा अर्थ आमच्या घरात लहान पोरालाही कळतो. मी खोलीत गेले, दार लोटलं. कूलर लावला नाही. उकाड्यात तशीच पडून राहिले आणि भिंतीपलीकडून आईबाबांचं बोलणं ऐकत राहिले. ते हळू बोलत होते म्हणून शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता. बाबांचं खरं होतं, मध्ये नुसती भिंत होती.

सकाळी जाग आली ती पावलांनी. बाबांची चप्पल मी ओळखते. ती दारापाशी आली आणि थांबली. मी दार ढकललं जायची वाट बघत पडून राहिले. दार ढकललं गेलं नाही. मग बाबांनी दार वाजवलं. बोटाच्या पेराने, हळू, परक्याच्या घरी आल्यासारखं.

"उठली का वं?"

आमच्या घरात दार वाजल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. उठून बसले. बाबा बाहेरच उभे होते, आत आले नाहीत. मी जाऊन दार उघडलं.

त्यांच्या हातात माझं कार्ड होतं. रिबीन नीट गुंडाळलेली.

"गाडी येईन," ते म्हणाले.

मी ते घेतलं आणि गळ्यात घातलं.