दादा फक्त मजला विचारतो

नाही, "दादाला माया नाही" हे आता मला कुणी पुन्हा सांगू नका. ताईनं तर मुळीच नाही. आमचे वडील, आबा, गेले तेव्हा भरल्या घरात दादा म्हणाला होता, "आता आबांच्या गोळ्या कोण खाणार?"... ते एक वाक्य ताईनं सहा वर्षं धरून ठेवलंय.

दादा माझा मोठा भाऊ, उदगीरला आईजवळ असतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. कानात आवाज येतात, औषधं चालू आहेत. मी आठवीतून शाळा सोडलेला, एका जागी न टिकणारा... सध्या बेंगळुरूत, बेळ्ळंदूरला उंच बिल्डिंगच्या काचा पुसतो. दोरीवर लटकून.

मागच्या वर्षी दादाला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आजाराबरोबर याच्यात ऑटिझमची लक्षणंपण आहेत, लहानपणापासूनची. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याला कळत नाही. "पण कळत नाही म्हणजे वाटत नाही, असं नाही. त्याला स्पष्ट सांगत जा." मी मान हलवली आणि विसरून गेलो.

कारण राग मलाही होताच. रोज दुपारी टेरेसवरून घरी फोन करतो, तर दादाचा एकच प्रश्न. "कितवा मजला?" मी सांगितलं की फोन आईकडे. जेवलास का, बरा आहेस का... काही नाही.

गेल्या महिन्यात ताई म्हणाली, आईच्यानं आता होत नाही, दादाला संस्थेत ठेवू. तिथं फोन महिन्यातून एकदाच. "त्याला काय, इथं काय अन् तिथं काय." तिचंही खोटं नाही, सगळी धावपळ तीच करते. मी हो म्हणालो. ताईनं फॉर्म आणला.

गेल्या मंगळवारी काम चालू असताना वारा सुटला आणि माझी दोरी फिरली. हात खिडकीच्या कडेवर आपटला... सहा टाके. कामावरचे आमचे मुकादम, मेस्त्री अण्णा म्हणाले, "स्वल्पच लागलंय, चार दिवस रूमवर पड."

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला रूमवरूनच फोन केला. ताई आलेली होती. तिच्याशी, आईशी हसून बोललो. दोघींना काही कळलं नाही.

मग दादा. "कितवा मजला?"

"सतरावा."

तो म्हणाला, "खोटं. वारा नाही."

मला आधी समजलंच नाही. दोन वर्षं हा माणूस रोज फोनमधून माझ्या मागचा वारा ऐकत होता...

"पडलास का?"

तेव्हा मॅडमचं बोलणं आठवलं. स्पष्ट सांगितलं. "पडलो नाही. हात कापलाय, दुखतोय. दादा, मला वर जायची भीती वाटायला लागलीय." हे मी इथं कुणालाच बोललो नव्हतो. स्वतःलासुद्धा नाही.

मग, "वारा आहे तोपर्यंत जाऊ नको." आणि फोन आईकडे.

दादा रोज असं कान देऊन ऐकतो का, म्हणून आईला विचारलं, तर म्हणाली, "अरे, तुझा फोन आल्याशिवाय तो ताटावर बसतच नाही. मला वाटायचं, सवय असेल त्याची."

हे सगळं लिहू का, म्हणून काल दादाला विचारलं. म्हणाला, "मजला बरोबर लिही." तर बरोबर लिहितो... त्या दिवशी मी तळमजल्यावर होतो.

ताई, तो फॉर्म परत देऊन टाक. तू दमलीस, ते मला तुझ्या चेहऱ्यावरून कधीच कळायला हवं होतं. दादाची औषधं आणि आईच्या हाताखाली शेजारच्या मावशी ठेवायच्या त्यांचा पगार, दोन्हीचं मी बघतो. आईच्या खात्यावर आज साडेआठ हजार पाठवतोय.