मालकिणीच्या नवऱ्याचा संप

"यात मालक कोण?" हे ते आधी विचारायचे, मग बाकीचं. नवी एसटी सुरू झाली, मालक कोण? गणपतीचा मंडप पडला, मालक कोण? माझ्या धाकट्या मुलीचं लग्न जुळलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "पोरगा काम करते त्या कंपनीचा मालक कोण?" मला माहीत नव्हतं. पेढा त्यांनी खाल्ला, पण मन लावून नाही.

आमचं सगळं सानगडी गाव त्यांना कामरेड म्हणायचं. नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथेच राहिलं. तुमच्याही गावात असा एक जण असेलच, त्यामुळे फार वर्णन करत नाही. उंच, वाकलेले, खांद्यावर दुपट्टा, आणि खोकला.

माझं सायकलचं दुकान त्यांच्या घरासमोर होतं. दुरुस्ती करायचो आणि काही सायकली तासाच्या भाड्याने द्यायचो. त्या भाड्याच्या सायकलींमुळे मी त्यांच्या लेखी भांडवलदार होतो. "दुसरा पायडल मारते अन् पैसा तुले भेटते. याले काय म्हणतेत?" मी म्हणायचो, "धंदा." ते म्हणायचे, "शोषण." एवढं बोलून माझ्याच पंपाने ते आपल्या सायकलीत फुकट हवा भरायचे आणि बाजाराकडे निघून जायचे.

तरुणपणी ते बिडी कारखान्यातल्या कामगारांचे पुढारी. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या सुमारास त्यांनी तिथे मोठा संप केला आणि तो जिंकला. मालकाने एकूण एक मागण्या मान्य केल्या, कामरेडना हार घातला, सोबत फोटो काढला, आणि दिवाळीनंतर कारखान्याला कुलूप ठोकून तो जिल्ह्याच्या तिकडच्या तुकड्यात निघून गेला. गावातल्या कितीतरी बायांचं काम गेलं. कामरेडच्या भिंतीवर तो फोटो काही दिवस होता, मग त्यांनी काढला. त्या संपाबद्दल ते कधी बोलत नसत.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. वहिनींनीही वर्षानुवर्षं बिड्या वळल्या होत्या. कारखाना गेल्यावर एकदा समाजभवनात एक साहेब आले आणि बचत गटाच्या बायांपुढे संधी या विषयावर बोलले. संधी दारात उभी आहे, तुम्ही फक्त दार उघडा, वगैरे. मागून कामरेडनी विचारलं, "यात मालक कोण?" साहेब हसून म्हणाले, "अहो, तुम्हीच!" हे उत्तर त्यांना उभ्या जन्मात कोणी दिलं नव्हतं. ते घरी येऊन झोपले. वहिनींनी कर्ज काढून मिरची-हळद कांडायचं मशीन आणलं.

मशीन घराच्या पुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसलं. मिरचीचे देठ तोडायला चार बाया लागल्या. दिवसाला एकीने एक मोठी टोपली भरायची, संध्याकाळी तोलून मजुरी घ्यायची. लोक कामरेडना म्हणू लागले, "आता त तुमीच मालक!" ते शांतपणे सांगायचे, "मी मालकिणीचा नवरा आहो. मालक नाई." आणि महिन्याभरात त्यांनी त्या चौघींची संघटना उभी केली.

मागण्या देण्याची त्यांची पद्धत मी समोर बसून पाहिली आहे. घरातल्या घरात मागण्या द्यायच्या नाहीत, त्याला ते फितुरी म्हणत. म्हणून मागच्या दाराने बाहेर पडायचे, गल्ली वळून पुढे यायचे आणि स्वतःच्याच दाराची कडी वाजवायचे.

"कोण हाय?"

"कामगारांचा प्रतिनिधी."

"चपला बाहेर काढा, आताच सारवलं हाय."

आत गेल्यावर ते वहिनींना तुमी म्हणत. "मालकीणबाई, तुमी बायांले नाकाले बांधाले फडकी द्या. दुपारचा चहा द्या." वहिनी फडकी देत, चहाही ठेवत, आणि विचारत, "प्रतिनिधीले साखर किती टाकू?" असं दोन-तीन हंगाम बरं चाललं.

मग पंचफुलाबाईंचं निघालं. बुद्धविहाराजवळ राहणाऱ्या पंचफुलाबाई त्या चौघींत वयाने मोठ्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बिड्या वळून वळून बोटं आखडली होती. बाकी तिघींच्या टोपल्या दिवस मावळता भरायच्या, यांची अर्धीच राहायची. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळं गाव वर्षाचं तिखट करून घेतं. तेव्हा मशीन मिरचीसाठी थांबलं की गिऱ्हाईक साकोलीच्या मशीनकडे जातं. वहिनी एक दिवस म्हणाल्या, "पंचफुला, तू दुसरं काही पाह. मले हात चालणारी बाई पाहिजे." पंचफुलाबाईंनी आपली टोपली उचलून भिंतीला लावली. त्यांना दुसरं काही नव्हतं, आणि हे वहिनींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी चौघी माझ्या दुकानापुढच्या कडुनिंबाखाली येऊन बसल्या. कामरेड पुढे उभे. "चौघी, नाई त कोणीच नाई." समोर सपरीत वहिनी, बाजूला मिरचीची पोती. मध्ये रस्ता.

संपात मालकाच्या घरचं अन्न चालत नाही, म्हणून कामरेड माझ्याकडे जेवायला. वहिनींनी पहिल्याच दुपारी मागच्या दाराने माझ्या बायकोकडे डबा पोचवला, आमच्या ताटात वाढ म्हणून. कामरेडनी घास घेतला आणि थांबले.

"तुमच्या वांग्याले आमच्या घरची चव येऊन राहिली."

"तिखट तुमच्याच मशीनचं हाय ना," मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. वांगं आणखी मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी लोक आपली पोती उचलून साकोलीच्या टेम्पोत टाकू लागले. वहिनी पाहत होत्या. मशीन कर्जाचं, घरात दुसरी मिळकत नाही. कामरेडही पाहत होते. संध्याकाळी बाया घरी गेल्यावर ते माझ्या दुकानात स्टुलावर बसले. मी पंक्चर काढत होतो.

"जिल्हा कोणी तोडला?" त्यांनी विचारलं.

"सरकारनं."

"अन् कारखाना?"

मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत राहिलो.

"थो संप मी जिंकलो होतो, भाऊ. पंचफुलेची बिडी मीच बंद केली. आता हाही जिंकलो त तिची मिरची बंद होते. अन् घरवालीचीही."

फार वाईट वाटलं त्या माणसाचं. ते तोंडावर दिसू नये म्हणून मी एकदा सापडलेलं पंक्चर पुन्हा शोधायला लागलो.

चौथ्या दिवशी ते घरातून सरळ सपरीत आले. पंचफुलाबाईंना हाक मारून आत बसवलं, त्यांच्या शेजारी मांडी घातली आणि देठ तोडायला लागले. तोडलेली मिरची पंचफुलाबाईंच्या टोपलीत. बाकीच्या तिघी थोडा वेळ कडुनिंबाखाली बसून राहिल्या, मग त्याही उठून सपरीत कामाला बसल्या.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"तुले टोपली भरून पाहिजे ना? भरंल."

"मंग तुमची मजुरी लावू का?"

"मी तुह्या कामाले नाई. मी तिच्या मदतीले हाय."

हा संप कोण जिंकलं, ते गावाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. चहाच्या हॉटेलात त्यावर भांडणं झाली. एकाने येऊन त्यांनाच विचारलं, "कामरेड, याले समाजवाद म्हणाचं का भांडवलशाही?" डोळ्यांत हात गेल्यामुळे कामरेडच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "याले मिरची म्हणतेत."

तेव्हापासून ते रोज बसायचे. ज्या माणसाने भाषण सोडून दुसरं काम कधी नेटाने केलं नव्हतं, त्याची बोटं पोळून लाल झाली. झोपताना वहिनी तूप लावून द्यायच्या. मागण्या चालूच होत्या, त्यांची सवय काही सुटली नाही. भाषण रंगलं की हात थांबायचा, आणि पंचफुलाबाई म्हणायच्या, "बोलणं आवरा बाप्पा, टोपलीकडे पाहा."

अशी बरीच वर्षं गेली. एका पावसाळ्यात खोकला फार वाढला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथेच ते गेले. मला अजून दुकान उघडताना समोर बघवत नाही.

हंगाम कोणासाठी थांबत नाही. वहिनींनी मशीन सुरू केलं. पहिल्याच दिवशी मी आमची मिरची घेऊन गेलो. दिवस मावळत होता. तिघींच्या टोपल्या तोलून झाल्या. पंचफुलाबाईंनी आपली टोपली आणून काट्याच्या पारड्यात ठेवली. ती जेमतेम अर्धी होती. दुसऱ्या पारड्यात भरल्या टोपलीची वजनं होती, त्यामुळे हे पारडं वरच राहिलं. त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

काट्याला बोट लावणारे दुकानदार तुम्ही पाहिले असतील. मीही बाजारात पुष्कळ पाहिले आहेत. वहिनींनी मिरचीच्या पारड्यावर तळहात ठेवला आणि काटा सरळ होईपर्यंत ते सावकाश खाली दाबत नेलं.

"भरली," त्या म्हणाल्या. "उद्या येजो."