सायकलीला बांधलेलं पाणी

उसाच्या बैलगाडीवरनं पडले तवा पाठीला मार बसला. बारामतीच्या डाक्टरनं सांगितलं, आता पाठीवर, डोक्यावर वजन घ्यायचं न्हाय. आता बाईमाणसानं डोक्यावर न्हाय तर घ्यायचं कुठं? मालक सणसरला उसावर कामाला. घरात मी आन सासरे. त्यास्नी आमी आबा म्हणायचो. आबांनी दोन मेंढरं इकून वालचंदनगरच्या एका कामगाराची जुनी सायकल आणली. "शिक पोरी," म्हणले, "ही तुझं वझं उचलंल." नव्वदच्या पुढची सालं ती. पस्तिशीची मी, काष्टा घालून शिकले. कुठला सासरा सुनंसाठी असं करतो?

आबा मोरगावच्या पलीकडं माळावर मेंढरं घिऊन असायचे. दर दोन दिसांनी मी भाकरी पोचवायची. हँडलला एका बाजूला छागळ, म्हंजी जाड कापडाची पाण्याची पिशवी. वाऱ्यानं पाणी गार व्हायचं. दुसऱ्या बाजूला ताकाची किटली. मागं भाकरीचं गठुडं, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळल्यालं. पंप दांडीला. शिटाखाली डबी, तिच्यात सोल्युशन, ठिगळं, काचकागद. पाठीवर काय न्हाय.

एस्टी थांब्यावरच्या बाया हसायच्या. "काय गं, बोहारीण झालीस व्हय?"

"झाले की. काढ तुझी फाटकी लुगडी, वाटी देते."

एका उन्हाळ्यात सकाळीच शेजारच्या कळपाचा मेंढका आला. म्हणला, "आबास्नी कालपासनं हगवण लागलीया, उठाय यीना. डबक्यातलं पाणी पिल्यात."

मी नर्सबाईकडं पळाले. तिनं मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या. "उकळलेल्या पाण्यातच कालव, आणि लवकर जा. अंगातलं पाणी संपलं तर म्हातारा हाती लागायचा नाही."

पाणी उकळलं, निववलं, छागळीत भरलं, भाकरी-ताक नेहमीवानी बांधलं आन निघाले.

अर्ध्या वाटंत मागलं चाक बसाय लागलं. बघते तर बाभळीचा काटा. मेंढराच्या खुरात काटा दिसला की आमचा हात आधी तो उपटतो. तसाच ह्यो उपटला आन दिला फेकून. फुस्सकन हवा गेली. टायरवर हजार चिरा, भोक कुठलं ते कळंना. पंक्चरवाल्यानं कितींदा सांगितल्यालं, काटा ऱ्हाऊ दे, आधी खूण कर, मंग काढ.

ट्यूब बाहीर वढली, हवा भरली, गालाला लावून बघितली. पर वारा असा सुटल्याला, काय कळंना. पाण्यात बुडवल्याबिगर बुडबुडा दिसायचा न्हाय, आन पाणी व्हतं ते आबांचं. सायकल ढकलत जावं तर दुपार झाली असती. छागळीचं तोंड सोडलं, परत बांधलं.

मंग ध्यान किटलीकडं गेलं. गठुड्यातल्या जर्मनच्या ताटलीत ताक वतलं, ट्यूब त्यात फिरवली. लई येळानं एक बुडबुडा आला. बोट तितंच दाबून धरलं. पदरानं पुसलं, काचकागदानं घासलं, ठिगळ लावून दगडानं दाबलं.

पोचले तवा आबांचं डोळं आत गेल्यालं. पुडी कालवून पाजली, ती ओकले. थांबून परत पाजलं, घोट घोट.

बऱ्याच येळानं म्हणले, "ताकाचा वास येतोय. आणलंस व्हय?"

"सायकलीनं पिलं, आबा."

"तिचं पोट बरं हाय म्हणायचं."

ऊन उतरणीला लागलं. छागळ निम्मी झाली. तवा आबा हाताच्या आधारानं उठले. "पोरी, तिकडं तोंड कर."

लघवी झाली म्हंजी पाणी अंगाला लागलं, असं नर्सबाई म्हणलेली. मी मेंढरांकडं तोंड करून हुबी ऱ्हायले. आवाज आला, आन मी हात जोडले. देवाला, नर्सबाईला, ज्याची सायकल त्या कामगारालाबी. सासऱ्याच्या लघवीसाठी हात जोडणारी सून मीच असंन.